गोडादऱ्यातला आमचा गोल्फ

दिवाळीच्या आधी ह्यांच्या छातीत दुखलं. तपासणीत एक नळी बंद निघाली, डॉक्टरांनी तिच्यात जाळी बसवली आणि घरी सोडताना बजावलं, की रोज सकाळी चालायचं, जड उचलायचं नाही आणि शरीराला हिसका बसेल असं काही करायचं नाही. गोळ्या मी वेळेवर देत होते. भाजीतलं तेल कमी केलं. भरीत केलं की ह्यांना वरून कच्च्या तेलाची धार लागायची, तीही बंद केली. पण चालणं काही मी वाटीत घालून देऊ शकत नव्हते. ते ह्यांनाच करायचं होतं, आणि हे चालत नव्हते.

आम्ही सुरतच्या गोडादऱ्यात राहतो. जवळच पर्वत पाटियाच्या बाजूला एक बाग आहे, तिथे मी ह्यांना घेऊन गेले. सकाळी तिथे खूप माणसं गोल गोल फिरत असतात. ह्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि बाकावर बसले.

"उठा ना," मी म्हटलं.

"कुठं पोचायचं शे?"

"पोचायचं कुठं नाही. फिरायचं फक्त."

"माले नई जमाव. मी काय घाण्याचा बैल शे का?"

एवढं बोलून हे चप्पल शोधायला लागले. आमच्या घरात अहिराणी चालते. मी धुळे शहरात शिकले म्हणून माझी थोडी पुस्तकी झाली, ह्यांची मात्र पारोळ्याकडच्या खेड्यातली, आहे तशीच राहिली. त्यात आवाज मोठा. बागेतल्या चार-दोन बायका वळून बघायला लागल्या.

आवाज मोठा असण्याचं कारण कारखाना. हे मिसरूड फुटायच्या वयात सुरतला आले, पॉवरलूमवर लागले आणि पुढे मास्तर झाले. मास्तर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. एका शेडमध्ये ओळीने माग धडधडत असायचे. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. लग्नानंतर मी डबा द्यायला जायची तेव्हा हे लांबूनच बोटं हलवून विचारायचे, भाजी कसली? मी मनगट फिरवून दाखवायची, वांगी. त्या शेडमध्ये हे दिवसभर चालायचे. इकडचा माग अडकला की इकडे, तिकडचा तुटला की तिकडे. पण त्याला ह्यांनी कधी चालणं म्हटलं नाही. कुठेतरी काहीतरी बंद पडलेलं असायचं, म्हणून जायचं. आता काम सुटलं होतं आणि कुठेच काही बंद पडत नव्हतं.

एका रविवारी हे तापीकाठच्या जुन्या बाजारात गेले. पाना आणायला जातो म्हणाले आणि सुतळीने बांधलेल्या चार लांब काठ्या घेऊन आले. लोखंडी दांडे, वरच्या टोकाला फाटकं रबर, खालच्या टोकाला तिघींना वाकडं, चपटं लोखंड, चौथीला लाकडाचा गोळा. सगळ्यांवर गंज.

"हे काय आणलं?"

"पोलाद बघ," हे म्हणाले. एक काठी माझ्या हातात दिली. "असं पोलाद आता मिळत नाही. पडद्याला दांड्या करू."

"आणि हे खालचं पावलासारखं?"

"कापून टाकू. विकणारा म्हणे हॉकी शे."

ते कापणं राहून गेलं, कारण त्याच दुपारी नाशिकहून मुलीचा फोन आला. ती व्हिडिओवरच बोलते. मागे भिंतीला टेकलेल्या काठ्या तिला दिसल्या आणि ती खो खो हसायला लागली. "बाबा, गोल्फच्या स्टिक आहेत त्या! कुठून आणल्या?" मग तिने ह्यांना फोनवरच कुणीतरी गोल्फ खेळतानाचं दाखवलं. हिरवंगार गवत, पांढऱ्या टोप्या, माणूस काठी फिरवतो आणि चेंडू आभाळात जातो. ह्यांनी ते तीन-चार वेळा बघितलं.

"आणि मग तो काय करतो?"

"मग चालत जातो, बाबा. चेंडूपर्यंत. आणि परत मारतो."

पुढच्या रविवारी बाजारातून पिशवीभर छोटे, खड्ड्याखड्ड्यांचे, पिवळट पडलेले चेंडू आले. पडद्याच्या दांड्यांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोठा मोकळा प्लॉट आहे. पूर्वी तिथे शेत होतं म्हणतात. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं, म्हशी बसतात. मग पाणी आटतं, ट्रॅक्टर-टेम्पो जाऊन चाकोऱ्या पडतात, आणि डिसेंबर आला की ती काळी माती वाळून अशी होते की तिच्यावर नारळ फोडावा. गवत म्हणाल तर कडेला पिवळी काडी. एका टोकाला दोन कडुनिंब, दुसऱ्या टोकाला पडकी भिंत.

पहिल्या दिवशी मी गॅलरीतून बघत होते. ह्यांनी चेंडू ठेवला, पाय फाकवले, काठी उचलली आणि मारली. काठी मातीवर आपटली, चेंडू तिथेच. परत मारली. या वेळी चेंडू निघाला, उडाला वगैरे नाही, जमिनीवरून सरपटत सुटला. जमीन दगडासारखी, त्यामुळे थांबेचना. एका चाकोरीवरून उसळला, दुसरीकडे वळला, आणि पार कडुनिंबाजवळ जाऊन थांबला. हे क्षणभर बघत राहिले. मग काठी खांद्यावर टाकली आणि चालायला लागले.

मी हातातलं काम खाली ठेवलं. मी घरी साड्यांना लेस लावायचं काम करते, मांडीवर साडी होती. ह्यांना असं तरातरा चालताना मी महिन्यांनी बघत होते. कडुनिंबाजवळ गेले, परत मारलं, चेंडू भिंतीकडे गेला, हे भिंतीकडे. परत कडुनिंब. घरी आले तेव्हा घामाघूम झालेले आणि चेहरा असा, की जणू एखादा हट्टी माग चालू करून आलेत.

"किती चाललात?" मी विचारलं.

"चाललो कुठं? खेळत होतो."

दुसऱ्या दिवसापासून मीही जायला लागले. डॉक्टरांनी हिसका नको म्हटलं होतं आणि मला ती काठी फिरवणं काही ठीक दिसत नव्हतं. मी स्टूल घेऊन भिंतीच्या सावलीत बसायची, लेस लावायची आणि मधून मधून ह्यांच्याकडे बघायची. जोरात मारलं की हात वर करून दाखवायची, हळू. हे लांबून हात हलवायचे, बरं बरं. बोलावं लागत नव्हतं. अख्खं मैदान मध्ये असलं तरी आमचं भांडणसुद्धा हातांवर व्हायचं.

शेजारच्या भाभींना कळेना. एक दिवस जिन्यात अडवून त्यांनी विचारलं, "बेन, अंकल होकी रमे छे?" मी म्हटलं, हॉकी नाही, गोल्फ. त्या म्हणाल्या, "एकला?" एकटे कसे, मी असते ना, असं मी म्हणाले आणि स्वतःच हसले.

पण त्या जमिनीने काठ्यांची वाट लावली. चेंडूच्या मागे जरा माती लागली की खाडकन आवाज व्हायचा. ह्यांनी गंज काढून, रॉकेल लावून, पॉलिश पेपरने घासून त्या काठ्या चकचकीत केल्या होत्या. आठवड्याभरात त्यांच्या तळाला ओरखडे पडले. एकीच्या कडेला खड्याने खाच पाडली. हे रोज घरी आल्यावर वर्तमानपत्र पसरून बसायचे. ओल्या फडक्याने माती काढायची, खाचांतली माती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढायची, कोरडं करायचं, मग मागाला लावतात ते पातळ तेल बोटाने लावायचं. चारातल्या एकीचं डोकं लाकडाचं होतं, गोल, तपकिरी, एखाद्या मोठ्या सुपारीसारखं. त्याला तर हे त्या मातीला टेकूच द्यायचे नाहीत. पण सगळ्या काठ्या एकाच पिशवीत, त्यामुळे चालताना लोखंड लाकडावर आपटायचं. एकदा त्यावर टवका उडालेला दिसला आणि हे अर्ध्या जेवणावरून उठले.

मग मी टोप्या शिवल्या. माझ्याकडे साड्यांचे तुकडे कायम पडलेले असतात. आत जुन्या ब्लँकेटचं अस्तर, वर साडीचा तुकडा, खाली नाडी. लाकडी डोक्याच्या काठीला हिरव्या कपड्याची केली आणि हात गेलाच म्हणून कडेला सोनेरी लेस लावली. ह्यांनी ती चढवून बघितली, काठी लांब धरली आणि म्हणाले, "नवरी दिसी राहनी!" दुसऱ्या दिवशी मैदानात जाताना पिशवीतून चार रंगीत टोप्या बाहेर डोकावत होत्या आणि सोसायटीतली माणसं बघत होती. ह्यांना त्याचं काही नव्हतं. काठ्या आपटत नाहीत, एवढंच ह्यांनी बघितलं.

नाताळच्या आसपास थंडी पडली. सुरतची थंडी ती केवढी, पण सकाळी श्वासाची वाफ दिसत होती. त्या दिवशी हे जरा जास्तच खुशीत होते. चेंडू एका चाकोरीच्या आड पडला होता. तो वरून काढायचा म्हणून ह्यांनी काठी चांगली मागे नेली आणि पूर्ण ताकदीने आणली. मी सुई ओवत होते. मला फक्त आवाज ऐकू आला, खण्ण, विटेवर पहार पडल्यासारखा. वर बघितलं तर काठी जमिनीवर पडलेली, ह्यांनी उजव्या हाताने डावा हात धरलेला, आणि हे हळूहळू खाली बसत होते.

मांडीवरची साडी मातीत गेली. मी कशी धावले मला माहीत नाही. जवळ गेले तर चेहरा पांढरा, कपाळावर घाम.

"छातीत दुखतंय का?"

ह्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला समजेना. मग म्हणाले, "काही नई व्हयनं. हात... हातात गेलं."

डावा हात म्हटल्यावर मी ह्यांना धरून उठवलं. दिवाळीच्या आधीही डाव्या हातापासूनच सुरू झालं होतं. रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. रिक्षात हे मला सारखे सांगत होते, काठ्या तिथेच राहिल्या, काठ्या तिथेच राहिल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले. रिक्षावाल्यानेसुद्धा आरशातून बघितलं.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं. मी भिंतीला धरून उभी. थोड्या वेळाने जाळी बसवणारे डॉक्टर स्वतः आले. तरुण माणूस, बोलायला मोकळा, आम्हाला काका-काकी म्हणायचा. त्यांनी पट्टी बघितली, परत बघितली, ह्यांचा खांदा दाबला, कोपर दाबलं. कोपर दाबल्यावर हे कळवळले.

"काकी, सवारे काका शुं करता हता?"

आजूबाजूला माणसं होती. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी, तिचा मुलगा, दोन नर्स. मला सांगायची लाज वाटली, पण डॉक्टरांपासून लपवायचं कसं? मी हळूच म्हटलं, "गोल्फ."

"शुं?"

"गोल्फ रमता हता."

एक नर्स तोंडावर हात ठेवून वळली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि खाटेशी बसले. "कुठे?"

"गोडादऱ्यात. घराच्या मागे."

"कौन सी स्टिक थी, काका?"

छातीला वायरी लावलेल्या, हाताला सुई, तशात ह्यांनी मान उचलली. "लोखंडी. तिच्यावर सातचा आकडा शे."

"और जमीन?"

"काळी. सुकून दगड झालीय."

"अरे बाप रे," डॉक्टर म्हणाले. आणि मग ते दोघं बोलायलाच लागले. मी तिथे उभी आणि हे दोघं काठीबद्दल बोलतायत. डॉक्टर शिकायला परदेशात होते, तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. तिथल्या म्हाताऱ्या घरमालकाने त्यांना खेळ शिकवला होता. "तिथली थंडीने कडक होते, तुमची उन्हाने," ते हिंदीत म्हणाले. "काठी मागे लागली की सगळा मार हातात येतो. मी तर हिवाळ्यात माझा चांगला सेट बाहेरच काढत नाही. जुन्या काढतो." मग त्यांना माझी आठवण झाली. माझ्याकडे वळून म्हणाले, "काकी, दिल बिलकुल ठीक है. कोहनी को झटका लगा है. खून की रिपोर्ट आते ही घर जाइए."

मी तिथेच खाली बसले. नर्सने पाणी आणून दिलं.

निघताना डॉक्टरांनी ह्यांना नीट समजावून सांगितलं. कोपर बरं होईपर्यंत सुट्टी. मग खेळायचं, पण जोर लावून वर उडवायचं नाही. चेंडू जरा उजव्या पायाकडे घ्यायचा, काठी थोडीच मागे न्यायची, आधी चेंडूला लागली पाहिजे. चेंडू खाली ठेवून पळवायचा, जमीन कडक आहे तर पळवणं तिचं काम. आणि काठीखाली काहीतरी मऊ टाकायचं. हे सगळं ह्यांनी शाळेतल्या मुलासारखं ऐकलं.

घरी येऊन मी काठ्या माळ्यावर टाकल्या. त्या भाभींनी उचलून आणून ठेवल्या होत्या, टोप्यांसकट. ह्यांनी मला एका शब्दाने अडवलं नाही. तेच मला जड गेलं. कोपर दोन आठवड्यांत सुधारलं, पण हे सकाळी उठून खुर्चीत बसायचे, चहा पिऊन परत तिथेच. मी म्हटलं बागेत जाऊ, हे आले, दोन फेऱ्या मारून बाकावर बसले. त्या बाकावर ह्यांच्या शेजारी बसून मी बराच वेळ विचार केला. भीती माझी होती, आणि ती मी ह्यांच्या गुडघ्यांवर ठेवली होती, असं मला वाटलं. घरी आले, स्टूलवर चढले आणि काठ्या खाली काढल्या.

"काय करी राहनी?" ह्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले तसं खेळायचं. हिसका दिसला तर परत वर."

मग दोघांनी मिळून सगळं जमवलं. कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून हिरव्या गालिच्याचा फाटका तुकडा आणला. त्याखाली जुन्या गोधडीचे पदर शिवले, वहाणेच्या तळासारखा जाड थर झाला. चेंडू त्यावर ठेवून मारला की काठी मातीला न लागता सटकन पुढे जायची. लाकडी काठीसाठी चेंडू जरा उंचावर लागतो. मुलीने त्यासाठी खुंट्या पाठवल्या, पण त्या जमिनीत खुंटी शिरेल तर शपथ. हातोडीने ठोकल्यावर दोन मोडल्या. शेवटी माझ्या दोऱ्याच्या पुठ्ठ्याच्या कोनांचा उपयोग झाला. कोनाचा निमुळता तुकडा कापून उभा केला की त्याच्यावर चेंडू छान बसतो. खड्डा खणायचाही प्रयत्न ह्यांनी पहारीने करून बघितला. ठिणगी उडाली तेव्हा मी पहार काढून घेतली आणि चुन्याने गोल काढले. गोलात चेंडू थांबला की झालं.

खेळ असा बदलला, की मला बघायला आवडायला लागला. पूर्वी ताकद होती. आता हे चेंडूपाशी उभे राहून आधी जमीन बघायचे. ही चाकोरी डावीकडे नेईल, तो उंचवटा अडवेल, तिथून उतार आहे. मग हलकेच टक् करून सोडून द्यायचे आणि चेंडू वळत वळत जायचा. आणि हे त्याच्या मागून. थंडी संपेपर्यंत कमरेचा पट्टा एक भोक आत गेला होता.

संक्रांत, म्हणजे इकडची उत्तरायण, होऊन गेल्यावर तपासणीला गेलो, तर डॉक्टरांनी आधी कोपर विचारलं आणि मग मैदान. हे म्हणाले, "या ना एकदा." मला वाटलं, बोलण्यापुरतं. पण एका रविवारी सकाळी खरंच सोसायटीच्या दारात गाडी थांबली. भाभींसकट सगळ्या गॅलऱ्या भरल्या.

डॉक्टरांनी डिकी उघडली. आत काळ्या कातडी पिशवीत काठ्यांचा सेट होता, प्रत्येकीला कातडी टोपी. ह्यांनी वाकून बघितलं, हात लावला नाही. मग आम्ही मैदानात गेलो. डॉक्टर उकिडवे बसले, बोटाच्या पेरांनी जमीन ठोकली, उठले, आणि परत जाऊन डिकी बंद करून आले.

"माझ्या आज बाहेर येणार नाहीत," ते हसत म्हणाले. "काका, आपकी दीजिए."

ह्यांनी सातची दिली. डॉक्टरांनी तिची जांभळी टोपी नीट काढली, नाडी न ओढता, आणि माझ्या हातात दिली. गालिच्यावर उभे राहिले, काठी जेमतेम कमरेपर्यंत मागे नेली आणि मारली. चेंडू जमिनीपासून वीतभर वर उडाला, लांब जाऊन उतरला, आणि मग चाकोऱ्यांवरून असा पळत गेला की गोलाच्या अगदी कडेला थांबला. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"फिर से," हे म्हणाले. "परत एकदाव मारा. मनगट बघू द्या."

डॉक्टरांनी परत मारला. हे त्यांच्याभोवती फिरत, कधी समोरून, कधी मागून, वाकून बघत राहिले. नवीन प्रकारचा माग आला की हे असेच बघायचे, असं ह्यांचे जुने सोबती सांगतात. मग ह्यांनी मारला, चुकला. परत मारला, अर्धा जमला. डॉक्टरांनी ह्यांचे खांदे धरून थोडे वळवले. तिसऱ्याला तो वीतभर उडाला आणि पळाला. ह्यांनी एवढ्या मोठ्याने आरोळी मारली की भिंतीवरची कबुतरं उडाली. एका हृदयाच्या डॉक्टरसमोर एवढं ओरडावं का, असं मला वाटलं, पण तेही टाळ्या वाजवत होते.

नंतर मी पोंक, म्हणजे इकडचा ज्वारीचा हुरडा, आणि शेव आणली, चहा दिला. खाता खाता डॉक्टर म्हणाले, "काकी, आप नहीं खेलतीं?"

"मी फक्त लक्ष ठेवते."

"आता मी लक्ष ठेवतो," म्हणत त्यांनी काठी पुढे केली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मार ना व."

मी पदर खोचला. पहिल्यांदा काठी हवेतच गेली. दुसऱ्यांदा गालिचाच पुढे सरकला. तिसऱ्यांदा काठीच्या डोक्याच्या मध्यावर काहीतरी मऊ लागल्यासारखं झालं, हाताला जाणवलंसुद्धा नाही, आणि चेंडू निघाला. किती वेळ पळत होता. तो थांबेपर्यंत मी हातातली काठी तशीच धरून उभी होते. वळून बघितलं तर हे लांब, चेंडूच्या बाजूला पळत होते, तो कुठे थांबतो ते बघायला.

त्यानंतर आम्ही दोघं खेळायला लागलो. लेसचं काम दुपारवर गेलं.

फेब्रुवारीत ह्यांना सर्दी-खोकला झाला. मी म्हटलं, आज राहू द्या. हे पांघरूण घेऊन पडले आणि मी नेहमीच्या वेळी जागी झालेच होते, तर पिशवी उचलून एकटीच निघाले. जिन्यातून उतरताना वाटलं, वळावं. भाभी बघतील, काय म्हणतील. भाभींनी बघितलं आणि गॅलरीतून हात हलवला.

मैदानात कुणी नव्हतं. म्हशी भिंतीपलीकडे होत्या. मी गालिचा पसरला, पायाने सपाट केला. एकटीने उभं राहायला वेगळं वाटतं. कुणाला हळू म्हणायचं नाही, कुणाचा श्वास मोजायचा नाही. किती वर्षांनी माझे डोळे फक्त माझ्यासमोर होते. मी मारला. चांगला लागला. चालत गेले, परत मारला. कडुनिंबाच्या पलीकडच्या बाजूला आम्ही कधी चेंडू नेला नव्हता, तिकडे जमीन जरा चढती आहे. मी तिकडे मारून बघितला आणि तो झाडं ओलांडून गेला. ऊन अंगावर यायला लागलं तरी मी खेळत होते.

घरी आले तर हे शाल गुंडाळून दारात उभे. "एवढा वेळ?"

मी सगळं सांगितलं. भिंतीपासून किती फटक्यांत आले, कुठे चुकले, आणि कडुनिंब कसा ओलांडला.

"कडुनिंब?" हे म्हणाले. "एका फटक्यात? काहीही."

"ओलांडला."

"माले दाखव."

दुसऱ्या दिवशी सर्दी तशीच होती, तरी मफलर गुंडाळून हे आले. मी जागा धरली, चेंडू मांडला, मारला. चेंडू निघाला चांगला, पण झाडाच्या अलीकडेच एका ढेकळाला अडला. मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. आता चिडवतील म्हणून तयारच होते.

हे खोकत पुढे गेले, ढेकूळ पायाने फोडलं, चेंडू उचलून आणला आणि गालिच्यावर ठेवला.

"काल हे ढेकूळ नसेल," हे म्हणाले. "आता मार."